चार बोटांचा ओटा

जानेवारीतला पहिला शनिवार, संध्याकाळचे पाच. रक्कम सत्तर हजार रुपये. हजर: अठ्ठावीस घरांपैकी सव्वीस घरांची माणसं, आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष, पालिकेच्या झोन ऑफिसातले इंजिनियर आणि सचिव म्हणून मी. जागा गुजरातेतल्या डिंडोलीत, आमच्या सोसायटीच्या देवळासमोरची.

रस्त्याला ब्लॉक बसवायचे होते. सात लाखांचं काम, त्याचा दहावा भाग आम्ही भरायचा, म्हणजे घरटी अडीच हजार. त्यासाठी पालिकेला मंडळाचा ठराव लागत होता, सगळ्या घरांच्या सह्यांसह. चार पावसाळे आम्ही अर्ज करत होतो. खड्ड्यांमुळे शाळेची रिक्षा आत यायची नाही. पोरं चपला हातात घेऊन नाक्यापर्यंत चालत जायची. आता कुठे नंबर लागला होता.

ठराव मी आदल्या आठवड्यातच लिहून ठेवला होता आणि घरोघर फिरून सह्याही घेतल्या होत्या. आमच्यात तशीच रीत पडली होती, आधी सह्या, मग सभा. ठराव गुजरातीत, कारण तो झोन ऑफिसात जायचा. आम्ही बहुतेक खानदेशातले. मोठ्या माणसांना गुजराती बोलता येतं, वाचता येतंच असं नाही. मी दारात रजिस्टर पुढे करून म्हणायचो, "रस्त्याचं आहे, सही करा," आणि लोक करायचे. कापडाच्या मिलमध्ये मी ताके मोजतो, बोटभर फरक सोडत नाही, म्हणून लोकांचा माझ्यावर भरवसा.

सभेत इंजिनियरसाहेब काम समजावत होते. आमची गल्ली उताराची. उताराच्या टोकाला जे शेवटचं घर आहे, तिथल्या मावशी उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या घरी साड्यांना लेस लावतात. व्यापाऱ्याच्या साड्यांचे गठ्ठे जमिनीवरच पडलेले असतात. भिजले तर भरपाई त्यांच्याच माथी.

"साहेब, रस्ता किती चढणार?"

"सात इंच, बेन."

मावशींनी चार बोटं आडवी धरली. "माझा ओटा एवढा आहे." मग माझ्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणाल्या, "मन्हं घर खाले शे, भाऊ. पानी कोठे जाई?"

अध्यक्ष म्हणाले, "मावशी, ठरावावर तुमची सही आहे."

"सही मी केली. वाचून कुणी दाखवलं?"

मागून एकजण ओरडला, "ताक्यातलं बोट सोडत नाहीत आमचे सेक्रेटरी, इथे अख्खे सात इंच सोडले!"

लोक हसले. मला हसू आलं नाही. सात इंच मला माहीत होते, अंदाजपत्रकात वाचलेले होते. ओटे मोजायचं तेवढं सुचलं नव्हतं. घरून टेप आणून सगळ्यांसमोर मावशींचा ओटा मोजला. तीन इंच. म्हणजे नवा रस्ता त्यांच्या घराच्या जमिनीपेक्षा चार इंच वर.

इंजिनियरसाहेबांनी फोनवर हिशेब केला. आधी जुना रस्ता सात इंच खोदून काढला तर उंची आहे तीच राहील, पण काम आठ लाख चाळीस हजारांवर जाईल. आमचा वाटा चौऱ्याऐंशी हजार, घरटी तीन हजार. नवा ठराव सगळ्या सह्यांसकट सोमवारी अकराच्या आत पाहिजे, नाहीतर फाइल यादीच्या तळाला. एवढं सांगून ते पुढच्या सोसायटीत निघून गेले.

मग आवाज चढले. एका घरासाठी सगळ्यांनी पाचशे का द्यायचे? अध्यक्ष म्हणाले, "चौदा हजार वाढले. ज्याचं घर खाली, त्याने भरावेत." बऱ्याच माना हलल्या.

"भरते," मावशी म्हणाल्या. "कानातलं मोडून भरते. पण मग सत्तावीस घरांचं पाणी सत्तावीस घरांनी आपापल्या घरात ठेवायचं. माझ्या दारात पाठवायचं नाही."

मी रजिस्टर उघडलं, ठरावावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. पालिकेत आमचा आवाज म्हणून जे काही पोचतं, ते हेच रजिस्टर. त्यात मी मावशींच्या नावाने खोटं लिहिलं होतं.

अध्यक्ष उठले. "भाऊ, ही रेघ महाग पडणार. पाऊस आला की पोरांना तूच खांद्यावर ने."

रविवारी खोदकाम आणि सगळ्यांचा सारखा वाटा धरून नवा ठराव लिहिला, वर गुजराती, खाली मराठी. प्रत्येक दारात आधी मोठ्याने वाचला, मग पेन दिलं. एका घराने दोनदा दार लावलं, तिसऱ्यांदा ऐकून घेतलं. लग्नाला गेलेली दोन घरं दुपारी परतली, त्यांच्याही सह्या झाल्या. अंधार पडेपर्यंत सत्तावीस. अठ्ठाविसावी अध्यक्षांची. त्यांची स्कूटर अंगणात होती, पण ते घरी नाहीत असं सांगण्यात आलं.

सोमवारी साडेदहाला मी झोन ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. अध्यक्षांना दोन फोन केले, उचलले नाहीत. अकराला दहा कमी असताना ते जिना चढून आले. मी पेन पुढे केलं.

"पेन नंतर. आधी वाच."

मी वाचायला लागलो. वर-खाली करणारी माणसं आमच्याकडे बघत होती. खोदकामाच्या ओळीवर त्यांनी थांबवलं.

"किती खोदणार?"

"सात इंच."

"आणि तिचा ओटा?"

"तीन. तेवढाच राहील."

त्यांनी रजिस्टर गुडघ्यावर टेकवून सही केली. मला म्हणाले, "सत्तावीस दारांत वाचलंस, माझ्याही दारात थांबायचं होतंस." मी स्कूटरचा विषय काढला नाही. वर गेलो तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती.

मार्चमध्ये चौऱ्याऐंशी हजार रुपये, पालिकेच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट, झोन ऑफिसात भरले. घरटी तीन हजार; मावशींचेही तीनच हजार.