सवतीचं शेवटचं उड्डाण

सवतीच्या निरोपसमारंभाला कुणी नटूनथटून जातं का, असं नीलाबाईंनी विचारलं तेव्हा चंद्रकांत टिकेकर पोट धरून हसले. बायको विनोद करते आहे असं त्यांना वाटलं. बायको अजिबात विनोद करत नव्हती.

सवत म्हणजे विमान. रुंद पोटाचं, मधोमध खुर्च्यांची आणखी एक रांग असलेलं ते जुनं धूड दर सोमवारी पहाटे बंगळुरूहून दिल्लीला जायचं आणि त्यात टिकेकर असायचेच. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशिनं बनत. ती उत्तरेत विकायची आणि विकलेली बिघडली की तिथं जाऊन शिव्या खायच्या, ही टिकेकरांची नोकरी. रविवारी संध्याकाळी नीलाबाई त्यांची बॅग भरत, शुक्रवारी रात्री ती मळक्या कपड्यांसकट परत येई. मधल्या दिवसांत राजाजीनगरातल्या घरात काय वाट्टेल ते होवो. लेकीला, शमिकाला गोवर आला, गच्चीवरची टाकी फुटली, सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, हे सगळं नेमकं सोमवार ते शुक्रवारच घडलं. त्या घरातली संकटंसुद्धा विमानाचं टाइमटेबल बघून येत.

बरं, शुक्रवारी आलेला नवरा तरी घरच्याशी बोलेल? तो विमानाबद्दल बोले. डावीकडचं इंजिन कसं गुरगुरतं, पंखाच्या मागची खिडकी कशी बरी, हवाई सुंदरी आता आडनावानं ओळखते. नीलाबाई पोळ्या लाटता लाटता 'हं' म्हणत. त्यांचीही नोकरी होती, सरकारी विमा कंपनीच्या जयनगरच्या कचेरीत. तिथं रोज काहीतरी सांगण्यासारखं घडायचं, पण सांगायला फट मिळाली तर ना.

या फिरण्याचे विमान कंपनीकडं पॉइंट साठत गेले, त्यांवर पुढं फुकट तिकीट मिळे. बायका जशा पाटल्या मोडायला काढत नाहीत, तसे टिकेकर ते पॉइंट मोडत नसत. नीलाबाईंनी काश्मीर सुचवलं, अंदमान सुचवलं, शेवटी निदान गोवा तरी, म्हणाल्या. उत्तर ठरलेलं होतं. "असू दे गं, प्रसंगाला लागतील." निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळी चहाबरोबर मोबाइल उघडून ते पॉइंट नुसते बघायचे, असा त्यांचा नेम होऊन बसला. नीलाबाईंच्या कपाळावरची शीर उडायची ती तेव्हापासून.

आणि एक दिवस प्रसंग आला. विमान कंपनी ते जुनं विमान मोडीत काढणार होती. शेवटची फेरी बंगळुरू ते मुंबई, आणि जुन्या सभासदांना त्यात पॉइंट देऊन जागा. टिकेकरांनी होता नव्हता तो सगळा साठा ओतला आणि दोन जागा घेतल्या.

त्या 'दोन'नं घात केला. एक घेतली असती तर नीलाबाईंनी चार दिवस अबोला धरला असता आणि विषय संपला असता. पण नवऱ्यानं न सांगता, न विचारता त्यांची जागा आपल्या शेजारी धरली होती, तीही खिडकीची. सवत म्हणून टोमणा मारून झाला तरी रात्री कपाट उघडून त्या अंजिरी रंगाची साडी शोधत बसल्या. आपला अर्धा संसार जिच्या पोटात गेला ती आतून दिसते तरी कशी, हे त्यांना एकदा बघायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांना फक्त एकदा त्या विमानात नवऱ्याबरोबर बसायचं होतं. बॅग भरून द्यायची नव्हती, बरोबर जायचं होतं.

टिकेकरांचा मोबाइलवरच्या तिकिटावर विश्वास नाही. त्यांनी तिकीट छापून आणलं, त्याला कुंकू लावलं आणि देवापुढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी निरांजन लावताना नीलाबाईंनी ते वाचलं, आणि वातीची काडी हातातच विझली.

तिकिटावर नाव होतं नीला चंद्रकांत टिकेकर.

"अहो, हे कुणाचं तिकीट काढलंत?"

"तुझं. दुसरं कुणाचं काढू?"

"माझं आधार कार्ड कधी बघितलंय तुम्ही?"

टिकेकरांनी बघितलं नव्हतं. बघायची वेळच आली नव्हती, कारण घरातले सगळे कागद नीलाबाईच सांभाळत. चिकोडीच्या भार्गवी हुक्केरीकरचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि मुलाकडून अंगठीनं त्यात 'नीला' लिहून घेतलं. चंद्रकांत हा एक मणी, तर सून दुसरा, नीलमणी हवी, अशी त्यांची हौस. पण पदवी, नोकरी, बँक, पुढं आधार, सगळं भार्गवी नरहरी हुक्केरीकर याच नावावर राहिलं. कचेरीत त्या जन्मभर भार्गवी मॅडम होत्या. शमिका तिकिटं काढायची तेव्हा बरोबर नाव घालायची, त्यामुळे कधी काही अडलं नाही. या खेपेला टिकेकरांनी हौसेनं सगळं स्वतः केलं होतं.

"मग त्यात काय एवढं," टिकेकर म्हणाले, "फोन करू. माझा नंबर बघितला की उभे राहतात ते लोक."

उभं कुणी राहिलं नाही. आधी यंत्रानं हिंदीत स्वागत केलं, मग इंग्रजीत केलं, मग सनई लावली. सनई ऐकता ऐकता भाताचा कुकर झाला. अखेर जी मुलगी बोलली तिला टिकेकरांनी आपण कोण, किती वर्षं उडालो, डावीकडचं इंजिन कसं गुरगुरायचं, सगळं सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की पॉइंटच्या तिकिटावर नाव बदलत नाही. बदलायचं तर नॉमिनीचं, म्हणजे ज्या माणसाला पॉइंट वापरायला नेमलंय त्याचं, नाव दोन महिने आधी बदलून घ्यायला हवं होतं.

"अहो, पण बाई तीच आहे," टिकेकर म्हणाले.

"सर, सिस्टिममध्ये ती वेगळी आहे."

नीलाबाईंनी फोन हिसकावून घेतला. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांना हीच वाक्यं ऐकवलेली असल्यामुळे समोरची मुलगी पुढं काय बोलणार ते त्यांना आधीच कळत होतं, आणि त्यामुळे संताप दुप्पट होत होता. मग महादेवपुऱ्यात राहणाऱ्या शमिकाला फोन लावला, तिनं लॅपटॉप उघडला. "आई, मी सेपरेट तिकीट बुक करते ना, चिल." पण विमान कधीच भरलं होतं. फोटो काढणाऱ्या हौशी पोरांनी पहिल्या तासातच जागा उचलल्या होत्या.

"नीला नावाचं एखादं तरी प्रूफ असेल ना गं? काहीही, जुनं?" शमिकानं फोनवरून विचारलं.

दोघांनी मिळून कपाट उपसलं. रेशन कार्डावर भार्गवी. गॅसच्या पुस्तकावर टिकेकर स्वतः. लग्नपत्रिका सापडली, तर तिच्यातही चि. सौ. कां. भार्गवीच, कारण पत्रिका छापली तेव्हा नीला जन्मालाच आली नव्हती. ते नाव जगात एकदाच लिहिलं गेलं होतं, ताटातल्या तांदळांत, आणि त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. नीलाबाई पसाऱ्यात बसून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. टिकेकरांनी पाण्याचा तांब्या आणून पुढं केला.

तरी ते दोघं विमानतळावर गेले. तिथं गेलं की माणसं माणसांचं ऐकतात, असं टिकेकरांचं म्हणणं. मुंबईत दोन दिवस राहायचं म्हणून एकाच बॅगेत दोघांचे कपडे. शेजारच्या धनलक्ष्मीअक्का फाटकाशी येऊन आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाल्या, "सरी, वैनी, स्वल्प फोटो पाठवा हां." नीलाबाईंनी कसंबसं हसून मान डोलावली.

आत शिरायच्या दारावरच्या जवानानं कागद बघितला, आधार बघितलं, पुन्हा कागद बघितला. "मॅडम, नाम अलग है." टिकेकरांनी त्याला तांदळांची गोष्ट सांगितली. अर्धी हिंदीत, अर्धी कन्नडात, आणि रंगात आल्यावर चक्क मराठीत. मागची रांग चुळबुळायला लागली. बाहेरच्या काउंटरवर कंपनीची मुलगी होती. तिनं मनापासून हात जोडले आणि म्हणाली, "सर, तुम्ही जाऊ शकता. मॅडमना मात्र आम्ही सोडू शकत नाही."

"मी हिच्या हातचं जेवतोय तीस-पस्तीस वर्षं," टिकेकर म्हणाले. त्यांनी तिकिटाचा कागद पुन्हा पुढं केला.

नीलाबाईंना आता त्यांची कीव यायला लागली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "पॉइंट गेले ते गेले. निदान एकानं तरी जावं."

टिकेकरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. आणि गेले.

खरंच गेले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसली, मग बॅग दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. बॅगेत अंगावरच्या अंजिरी साडीखेरीजची दुसरी, फिकी निळी साडी होती, चष्म्याचं जादा घर होतं, गुडघ्याचं तेल होतं. म्हणजे नीलाबाईंचं सगळं मुंबईला निघालं आणि नीलाबाई तेवढ्या बाकावर राहिल्या. इतकी जळफळ त्यांना उभ्या आयुष्यात झाली नव्हती. जा म्हटलं की जायचं असतं का? एवढ्या वर्षांत एवढंही कळू नये?

आत पाट्या, फुगे, केक, भाषण असं काही चाललं असावं. आत शिरणारे लोक हसत होते. मग उड्डाणाची वेळ झाली. पाटीवर 'उशीर' असं उमटलं. नीलाबाई मनात म्हणाल्या, म्हातारीचं जाताना पण एकेक.

बऱ्याच वेळानं बाहेर पडायच्या दारातून कंपनीची एक मुलगी आली. तिच्या मागं टिकेकर, आणि टिकेकरांच्या हातात बॅग.

"काय झालं? काय विसरलात?"

"उतरलो," टिकेकर म्हणाले. ते घामानं निथळत होते. "खुर्चीत बसलो होतो. शेजारची रिकामी होती. मग उतरतो म्हणालो. तर ते म्हणाले, बॅग पोटात गेलीय, माणूस उतरला तर बॅगही काढावी लागते. सगळ्या बॅगा उपसल्या त्यांनी. फोटोवाली पोरं मला काय काय बोलली. तोफेसारखं पाणी उडवून विमानाला सलामी देणारे बंब ताटकळत उभे आहेत माझ्यामुळं."

"मग उतरलात कशाला? जा म्हटलं होतं ना मी?"

"तू म्हणतेस जा आणि मी जातो. हे फार वर्षं चाललंय."

नीलाबाई चिडल्या. दोन्ही जागा वाया, सगळे पॉइंट वाया, शिवाय शंभर लोकांचे शिव्याशाप. एवढं शहाणपण सुचायचं होतं तर दारातच सुचायचं. बोलत बोलत त्या तरातरा बसपर्यंत गेल्या. मागून टिकेकर बॅग ओढत आले आणि शेजारी बसले.

बस सुटली. टिकेकरांनी बॅग पायाशी सरकवली. मग टिकेकर म्हणाले, "कचेरीत तुला भार्गवी म्हणायचे?"

"भार्गवी मॅडम."

"आणि तिथं तू नेमकं काय करायचीस?"

प्रश्न ऐकून नीलाबाईंनी आधी खिडकीबाहेर बघितलं. आत्ता विचारतात. पण विचारलं होतं खरं. म्हणून त्यांनी नाराजीनंच सुरुवात केली. क्लेमच्या टेबलावर होत्या त्या. एकदा एक नवा मॅनेजर आला. एका विधवेच्या क्लेमवर त्यानं शेरा मारला की पॉलिसीधारकानं स्वतः हजर राहून सही पटवून द्यावी. पॉलिसीधारक म्हणजे तिचा मेलेला नवरा. सगळी कचेरी हादरली, पण साहेबाला सांगणार कोण? मग भार्गवी मॅडमनी फाइल उचलली आणि सरळ केबिनमध्ये गेल्या.

इतक्यात बसवरून घरघर गेली. रुंद पोट, थकलेला आवाज, पंख किंचित कलते. रस्त्याकडेला गाड्या थांबवून लोक मोबाइल उंचावत होते. नीलाबाई बोलायच्या थांबल्या. आता आपलं ऐकणं संपलं, त्यांना सवयीनं वाटलं. "बघा," त्या म्हणाल्या, "चाललं तुमचं."

टिकेकरांनी बघितलं. मान वळवून, ढगात शिरेपर्यंत बघितलं. डोळे पुसले. मग ते पुन्हा बायकोकडं वळले.

"हं. केबिनमध्ये गेलीस. मग काय म्हणालीस त्याला?"