टिंबासकट ऐकणाऱ्या मॅडम

"टिंबासकट वाच," त्या म्हणायच्या. प्रोग्रॅम कुणाचाही असो, लिहिणाऱ्याला तो मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि स्वतः डोळे मिटून ऐकायच्या. ओळ संपली आणि वाचणारा 'टिंब' म्हणायला विसरला, की त्यांचं बोट टेबलावर आपटायचं. तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल, ज्याच्यासमोर आपलंच लिहिलेलं आपण घाबरत वाचतो.

इंदूरच्या पलासिया भागातल्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये कोबोल शिकवायला मॅडम आणि मी, दोघंच होतो. कोबोल ही व्यवहाराची जुनी संगणकभाषा. कितीतरी कंपन्यांचा कारभार अजून तिच्यावरच चालतो. तिची जुनी आवृत्ती त्या शिकवायच्या, नवी मी. त्या पक्क्या इंदुरी, साठी ओलांडलेल्या. मी नाशिकहून नोकरीसाठी आलेला. "भिया, तू बोलतो एकदम शुद्ध, पण ऐकत बिलकुल नाही," असं मला त्यांच्या इंदुरी बोलीत सुनावायच्या. मीही मनात म्हणायचो, यांचं शिकवणं आता नावापुरतंच उरलंय.

मग एका औषध वितरक कंपनीनं आपले आठ प्रोग्रॅमर आमच्याकडे पाठवले. सराव म्हणून त्यांनी कंपनीचाच एक जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत आणला. गोदामातली कुठली औषधं बाहेर पाठवायची, हे तो ठरवायचा. अवघड भाग मीच लिहून दिला होता, चाचणीही ठीक झाली होती. शेवटच्या दिवशी दुपारी चारला तो कंपनीत सुरू होणार होता. तपासल्याची मॅडमची सही तेवढी राहिली होती.

साडेतीनला संचालकांनी मला मॅडमकडे पिटाळलं. दोन्ही प्रोग्रॅमचे छापील कागद समोर घेऊन त्या नुसत्या बसल्या होत्या. म्हणाल्या, जुना आणि नवा, दोन्ही वाचून दाखव. मी वैतागलो. वेळ नाही, तुम्हीच नजर टाका, असं जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या, "मला दिसत नाही रे आता. मधलं सगळं धुंधलं झालंय. कोणाला बोलू नको."

मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागलो. पावणेचार झाले. संचालक दारात येऊन घड्याळ दाखवून गेले. माझा आवाज भरभर पळत होता आणि त्यांचं बोट त्याला अडवत होतं. जुन्यात ओळ होती: औषध शीतगृहातलं असेल तर तापमान तपास, टिंब. पुढची ओळ: मुदत तपास, टिंब. नव्या आवृत्तीत 'जर'ची अट कुठं संपते ते टिंबानं नाही, 'एंड-इफ'नं सांगतात. मी नवा कागद वाचू लागलो आणि मध्येच थांबलो. माझा 'एंड-इफ' एक ओळ खाली पडला होता. म्हणजे मुदत तपासली जाणार होती ती फक्त शीतगृहातल्या औषधांची. बाकीची, मुदत संपलेलीसुद्धा, सरळ दुकानांत गेली असती. चाचणीच्या यादीत मुदत संपलेल्या नेमक्या शीतगृहातल्या लसीच होत्या, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

गुपचूप ओळ वर घेऊ का, असं मी विचारलं.

"आणि अशी चूक अजून कुठे असेल तर? फोन लाव. तूच सांग."

चारला सात मिनिटं होती. पहिला फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्या वेळी कंपनीचे साहेब बोलले. प्रोग्रॅम थांबवा, चूक माझी आहे, एवढंच मला सांगता आलं. त्यांनी थांबवला.

संचालक संतापले. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी मला तिथंच सुनावलं. तेव्हा मॅडम उठून उभ्या राहिल्या. "कागद दोन दिवस माझ्याकडे पडून होते, सरजी. मला वाचता येत नाही, हे मी लपवलं. काढायचं तर आधी मला काढा."

संचालक निघून गेले. माझी नोकरी राहिली. त्या मात्र दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. जुनी आवृत्तीही आता मीच शिकवतो.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांना रस्ता ओलांडून द्यायला खाली उतरलो होतो. चौकात गाड्या अंगावर येत होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "सिग्नल कोणता आहे?"

मी म्हटलं, "अजून लाल."

"हिरवा झाला की सांग," त्या म्हणाल्या, आणि समोर न बघताच उभ्या राहिल्या.