मिशीवर अंगठा

घराण्याचा इतिहास शोधायच्या नादात मी वर्षभर एका तलाठ्याच्या फोटोला हार घातला. गावच्या पेटीत सापडला, रुबाबदार दिसला, म्हणून पणजोबा ठरवून नव्या टीव्हीच्या वर टांगला. आत्या बदलापूरला आमच्याकडे आली आणि कडाडली, "मेल्या, हा तर तलाठी! आणि जिनं आम्हां पोरक्यांना वाढवलं, ती तुझी पणजी कुठाय?"

पणजीने कधी फोटो काढलाच नव्हता. तिचा चेहरा आता एकट्या आत्याला आठवत होता, आणि आत्याची नजर अधू होत चालली होती.

म्हणून आत्याला घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी चित्रकाराकडे गेलो. फोटो नसलेल्या माणसांची चित्रं तो काढायचा.

"घर में कौन दिखता है उनके जैसा?" त्याने विचारलं. आत्याने माझ्याकडे बोट केलं. त्याने एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठ्याने माझी मिशी झाकली आणि मलाच म्हणाला, "वाह साईं! बैठो, दादी!"

मला हसू फुटलं.

"हँसो मत. हमारे फोटो सब सिंध में रह गये. नाक साथ आ गयी. उसी से मैंने अपनी माँ बनायी."

आत्याला विचारत, खोडत तो काढत राहिला. शेवटी आत्याने चित्राच्या गालावरून हात फिरवला.

घरी बायकोने पदर सावरून चित्राला नमस्कार केला, मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"झाली पंचाईत," ती म्हणाली. "आता तुमच्यावर ओरडायचं कसं?"