नारिंगी चिंधी

डिसेंबरातला सोमवार होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी आमच्या बागेत कामाला आलेल्या बायकांना चहा देत होते, तेवढ्यात रोहिणीचा फोन आला. रोहिणी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत जावेची, शकूताईंची सून. ती म्हणाली, "काकू, आई बांधावर बसल्यात. हाक मारली तर बघत नाहीत." त्यांची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये एकच बांध आहे. मी किटली खाली ठेवली आणि पळत गेले. बांधावर पोचायच्या आधीच मला त्यांच्या सतराव्या ओळीत, मधल्या एका वेलाजवळ, तारेला बांधलेली नारिंगी चिंधी दिसली. गाठ नीट मारलेली होती. म्हणजे बरं वाटेनासं झाल्यावर त्यांनी कात्री खिशात ठेवली होती, काम कुठपर्यंत आलं त्याची खूण बांधली होती, मग चालत बांधापर्यंत येऊन त्या बसल्या होत्या. डॉक्टर आले, त्यांनी ताई गेल्या म्हणून सांगितलं, ते मला चिंधी बघितल्यावरच कळलं होतं. शकूताई दिवसा मध्येच ओळ सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

द्राक्षबाग नसलेल्यांसाठी ही चिंधी काय ते सांगते. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं, घड औषधात बुडवणं, अशी कामं आमच्याकडे वेलागणिक चालतात. जेवायची सुट्टी झाली किंवा दिवस मावळला की जिथपर्यंत काम आलं तिथे तारेला चिंधी बांधायची. पुढे जी बाई कामाला लागेल तिने ती सोडून खिशात टाकायची आणि पुढच्या वेलापासून सुरुवात करायची. तसं केलं नाही तर तोच घड दोनदा औषधात जातो आणि वाया जातो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या आधी शकूताईंनी मला हे शिकवलं. वीस-बावीस वर्षांनंतर हाताला सांगावं लागत नाही. डोळ्यांना चिंधी दिसली की हात ती सोडतो, डोकं दुसरीकडे असलं तरी.

शकूताई निफाडकडच्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, उंच, हाडापेराने मोठ्या, बोलायला तिखट. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकटीला कंटाळा येतो म्हणून त्यांनी मला धरलं. आधी पाटापर्यंत, मग रामशेजच्या पायथ्यापर्यंत, मग दर रविवारी किल्ल्यावर. वर्षभरात आम्ही चालता चालता पळायला कधी लागलो ते कळलंसुद्धा नाही. दोन जावा पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून पळतात, हा गावाला बरेच दिवस पुरलेला विषय होता. पारावरचा एक म्हातारा रोज विचारायचा, कुणी मागं लागलंय का. शकूताई न थांबता सांगायच्या, "मागं नाय, पुढं हाय. विमल माझा डबा घेऊन पळाली."

त्यांचा मुलगा नितीन मॉरिशसला साखर कारखान्यात नोकरीला होता. २००४ साली तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने सहज सांगितलं, की शेजारच्या बेटावर दरवर्षी डोंगरातून पळायची शर्यत असते. बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला डोंगरच. मोठी शर्यत दोन दिवस चालते, पण एक धाकटी आहे, साठ किलोमीटरची. शकूताईंनी त्याच जेवणात ठरवून टाकलं. मला कारण कळेना. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, बाग त्या एकट्या ओढत होत्या, हौस करण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शेतीला शेवट नसतो गं. एक ओळ झाली की दुसरी, छाटणी झाली की विरळणी. मला एकदा असं काहीतरी करायचंय ज्याला शेवट हाय. तिथं रेघ मारलेली असते म्हणं." त्यांना ती रेघ ओलांडायची होती. मला तसलं काही नको होतं. मी गेले ते त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे काय झालं ते याच्या अगदी उलट आहे.

मला उंचीची भीती वाटते. रामशेजला मी कड्याकडे पाठ करून बसते. त्या बेटावर मात्र पाठ करायला जागाच नव्हती. पहाटे निघालो, दुपारी एकपर्यंत चढत होतो, आणि मग वाट डोंगराच्या एका धारेवर आली. वाट म्हणजे दोन पावलं रुंदीची. डावीकडे झुडपं आणि त्यांच्यामागे काही नाही, उजवीकडे झुडपंसुद्धा नाहीत. काही ठिकाणी लोखंडी दोर लावले होते. ते गार आणि ओले, हाताला सरकणारे. मग धुकं आलं. लोक म्हणतील, खाली दिसत नाही ते बरं. मला ते जास्त भयंकर वाटलं. पायाखालून दगड सुटायचा आणि त्याचा पडल्याचा आवाज यायचाच नाही... आपण वाट बघत राहायचं, तरी यायचा नाही. जिभेवर पैशाच्या नाण्यासारखी चव आली होती. रस्ता दाखवायला झुडपांच्या फांद्यांना नारिंगी प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. मी खाली बघायचं नाही, बाजूला बघायचं नाही, फक्त पुढची पट्टी बघायची असं ठरवलं. पट्टीपर्यंत जायचं, तिला हात लावायचा, मग पुढची.

उताराला लागल्यावर शकूताईंचा वेग कमी झाला. धारेनंतर खाली एक तंबू होता, तिथे चार वाजेपर्यंत पोचलं नाही की बाद. तीनला दहा कमी होते. त्या म्हणाल्या, "तू हो पुढं. त्यांना सांग, अजून एकजण येतेय म्हणून." मला थांबायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्या धारेवरून उतरायचं होतं, आणि त्यांनी जा म्हटल्यावर मी एकदाही नको म्हटलं नाही. आमच्या मागे फार कुणी उरलं नव्हतं. सगळ्यात शेवटून येणारे दोन स्वयंसेवक एका जखमी माणसाला घेऊन मागच्या तंबूत अडकले होते, हे नंतर कळलं. म्हणजे माझ्या मागे एकच माणूस होतं.

मी साडेतीनला तंबूत पोचले. तिथे पिकल्या केसांची एक बाई वहीत नंबर लिहीत होती. मी बोटाने मागे दाखवून एकजण येतेय असं सांगितलं, तिने मान हलवली. गूळ-शेंगदाण्याची चिक्की खावी म्हणून खिशात हात घातला. हाताला काहीतरी मऊ, गुंतलेलं लागलं. बाहेर काढलं तर नारिंगी पट्ट्या होत्या. आणखी काढल्या, आणखी निघाल्या. दुसऱ्या खिशातही होत्या. अकरा. मी एकही सोडल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. माझं सगळं लक्ष पाय जपून टाकण्यात होतं आणि हात त्यांचं वीस वर्षांचं काम करत होते. दिसली चिंधी की सोड, टाक खिशात.

धारेच्या खालच्या टोकाला दोन वाटा फुटत होत्या. एक तंबूकडे येणारी, दुसरी घळीकडे जाणारी. तिथे मी पट्टी बघूनच वळले होते. म्हणजे ती पट्टीसुद्धा माझ्या हातात होती.

मी सगळ्या पट्ट्या त्या बाईच्या वहीवर ठेवल्या. तिला आधी कळलं नाही. मग तिने पट्ट्यांकडे, माझ्या खिशांकडे, मग वरच्या धुक्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने वायरलेसवर कुणालातरी काहीतरी सांगितलं. घड्याळ दाखवून मला खुणेने समजावलं, की तू परत वर गेलीस तर तुझी शर्यत संपली. मी छातीवरचा नंबर काढून तिच्यासमोर ठेवला. एका दाढीवाल्या तरुणाला तिने माझ्यासोबत दिलं आणि पट्ट्या परत माझ्या हातात दिल्या. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. वाटेत तो एवढंच बोलला, की यांना हात लावायचा नसतो, मागून माणसं यायची असतात.

आम्ही चढत होतो आणि मी पट्ट्या बांधत होते. कुठली कुठे होती मला सांगता येत नव्हतं. सगळी झुडपं सारखी. एखाद्या फांदीपाशी थांबून मी अंदाज करायची आणि बांधून टाकायची, घाईत गाठ बसायची नाही. दर वळणावर हाका मारत होतो. धुक्यात हाक फार लांब जात नाही, चार हातांवर पडल्यासारखी वाटते. मी मनात काय काय बघत होते ते लिहीत नाही. नितीनला काय सांगायचं, याची वाक्यं मी तयार करत होते. एवढं सांगते, की त्या अर्ध्या तासात उंचीची भीती मला एकदाही आठवली नाही. तिच्याहून मोठी भीती आली की ती कुठे जाते कोण जाणे.

फाट्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या मुठीत दोन पट्ट्या उरल्या होत्या. मी ओरडले, "ताई." उत्तर आलं ते घळीच्या वाटेवरून, अगदी जवळून. "हाय इथं. वरडू नको."

पंधरा-वीस पावलांवर त्या एका दगडाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पायांपासून दहा फुटांवर वाट संपत होती. नुसतं धुकं होतं आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. मांडीवर लाडवाचा डबा होता.

"पुढं चिंधी दिसंना," त्या म्हणाल्या. "ज्या ओळीला चिंधी नाय ती ओळ संपली. बसले."

मी मूठ उघडली. त्यांनी त्या दोन पट्ट्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, परत पट्ट्यांकडे पाहिलं. बागेतल्या बाईला याच्यापुढे सांगावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "तारेची सवय." मग उठताना माझा खांदा धरून, "कुणाला सांगायचं नाय. माझा गुडघा गेला म्हणायचं. आन् एक मला दे."

एक पट्टी मी फाट्यावर बांधली, एक त्यांना दिली. तंबूत आलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. हिशेब साधा होता, मी तो किती वेळा केला असेल. त्या माझ्या वीस मिनिटं मागे होत्या. पट्ट्या जागेवर असत्या तर चारच्या आत पोचल्या असत्या, आणि पुढची वाट सोपी होती. ती रेघ त्यांनी नक्की ओलांडली असती.

गावात आजपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, की शकूताईंच्या गुडघ्याने दगा दिला आणि विमल बिचारी त्यांच्यासाठी थांबली. लोकांनी माझं कौतुक केलं, मी ऐकून घेतलं. नितीनलाही तेच सांगितलं. आज तो हे वाचेल. पुढच्या वर्षी परत जाऊ म्हटलं तर शकूताई म्हणाल्या, बाग कोण बघणार, आणि विषय संपवला. टोमणा मात्र त्यांनी एकच मारला, आणि आयुष्यभर मारला. चार बायकांत बसल्या की म्हणायच्या, "विमलच्या पुढं चालावं, मागं चालू नये." बायका हसायच्या. मीही हसायची, आणि चहा ठेवायला उठायची.

त्यानंतर मी बागेत एकही चिंधी सोडलेली नाही. बायकांना सोडायला लावते. हात पुढे गेला तर मागे घेते. शकूताईंनी मात्र ती पट्टी त्यांच्या बागेत खुणेला वापरायला काढली. लाल-पिवळ्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांत ती एकच नारिंगी, आता उन्हाने फिकी झालेली. बांधावरून मला दिसायची. आज ताई कितव्या ओळीत आहेत ते मला तिथूनच कळायचं.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बागेत गेले. बाकीच्या ओळी बायकांनी उरकल्या होत्या, सतरावी तशीच होती. अर्धी विरळलेली, अर्धी दाटलेली. कुणाचा हात धजला नव्हता. द्राक्षं कुणाच्या जाण्यासाठी थांबत नाहीत, आधीच उशीर झाला होता. मी रोहिणीला म्हटलं, आण कात्री. ती ओळीच्या त्या बाजूला उभी राहिली, मी या बाजूला. चिंधीपाशी आल्यावर मी थांबले. मागे वळून ओळ पाहिली, पार बांधापर्यंत. मग चिंधी तशीच ठेवून पुढच्या वेलाला हात घातला.

दुपारपर्यंत ओळ संपली. रोहिणीने मागे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, चिंधी सोडायची राहिली."

"राहू दे," मी म्हटलं. "मागून माणूस यायचंय."