घोंगडीवर बसलेला पाहुणा

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. आफ्रिका आमच्या अभ्यासक्रमात एका पानात उरकायची: गोरे जहाजातून उतरले आणि इतिहास सुरू झाला. दरवर्षी तेच सांगून जीव विटला होता.

मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका आफ्रिकन अभ्यासकाचं पुस्तक हाती लागलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्यांच्याकडे लिहिलेलं काही नाही त्यांनाही इतिहास असतो. म्हाताऱ्यांच्या तोंडचं सांगणं कागदासारखंच पारखून घ्यावं आणि पुरावा मानावं. त्यानं आपल्या खंडाचा इतिहास त्या जहाजांच्या कितीतरी मागे नेला होता. वाचताना मला माझा बाप दिसला. सेनगावकडे मेंढरं राखणारा, अक्षरशत्रू. पण कोणत्या पिढीत कळप कोणत्या ओढ्याकाठी बसला, तिथून कुठं सरकला, ते ओळीनं सांगायचा. पीएच.डी.ला मी आमच्या मेंढपाळांचा तोंडी इतिहास हाच विषय घेतला. आमची माणसं एकदा तरी छापील पानावर यावीत, एवढीच हाव होती.

मार्गदर्शक म्हणाले, आधी तुमचा पुरावा तपासू. जीपनं गावी आले. बानं नवी घोंगडी अंथरली, चहा झाला.

"तुमचे पूर्वज दक्षिणेकडून आले ना?" सरांनी विचारलं.

"व्हय साहेब, बराबर."

"पण उत्तरेकडून आले असंही म्हणतात."

"ते बी बराबर हाय."

परतताना सर जीपमध्ये हसत होते. मी सांगून पाहिलं, एकट्या माणसाला असं विचारायचं नसतं, चार म्हाताऱ्यांत बसवून विचारायचं, पुस्तकातही तेच लिहिलंय. पालथ्या घड्यावर पाणी.

नंतर बाला विचारलं, "काहून असं सांगितलंस?"

"आरं, पाव्हणा आपल्या घोंगडीवर बसलेला. त्याला न्हाई कसं म्हनावं?"

आमच्यात पाहुण्याला खरंच नाही म्हणत नाहीत. त्याच्यावर चिडताही येईना. सरांनी तो पुरावा मानला नाही, आणि मी प्रबंधाचा विषय बदलला. निजामाच्या काळातल्या शेतसाऱ्यावर लिहिता लिहिता नाकीनऊ आले, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी पदवी मिळाली. तोवर अभ्यासक्रमातलं आफ्रिकेचं पान बदललं होतं, जहाजांच्या आधीचा इतिहासही त्यात आला होता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण नुसता थकवा आला.

प्रबंध बाच्या मांडीवर ठेवला. त्यानं धोतराला हात पुसून तो उलटापालटा करून पाहिला.

"आपून हाव का ह्याच्यात?"

"न्हाई, बा."

"मंग इतकी वर्षं कोनाचं शिकून राहिलास?"