नवं कर्नल, एका फेरीपुरतं

पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत असते आणि मग एकदम थांबते. तीनशे किलोमीटरवरचा सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतोय, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर एका रक्तपेढीच्या रक्तसाठ्याची यादी आहे. तो उठला नाही, तर त्याला हात लावू शकेल असं तिथे कोणी नाही.

काल दुपारी मी त्यावर नवं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभाच, लावून पाहत होते. शेजारच्या टेबलावरचे देशमाने म्हणाले, "बाई, इथल्या मशीनवर चाललंय ना? मग कायमचं लावून टाका की. घाबरता काय?"

"कायमचं लावलं असतं तर घाबरले असते," मी म्हटलं. नवं कर्नल फक्त या एका फेरीपुरतं, म्हणजे सर्व्हर एकदा सुरू होण्यापुरतं होतं. ते कोसळलं, तर अर्धं मिनिट थांबून सर्व्हर आपणहून पुन्हा सुरू व्हायला लागतो आणि जुनं कर्नल घेतो. ही सोय आधी करायची, मगच हात घालायचा. परतीची सोय न करता निघणारे लोक मला शूर वाटत नाहीत. त्यांना आणायला नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी जावं लागतं.

चार मिनिटांनी ओळी पुन्हा सरकू लागल्या. पाहिलं, तर जुनंच कर्नल चालू होतं.

"हरलात की!" देशमाने हसले.

तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला. "मॅडम, मघापासून वहीत लिहीत होतो. आता यादी दिसतेय. वही मिटू का?"

"मिटा," मी म्हटलं, आणि नवं कर्नल कुठे अडलं ते शोधायला बसले.