दहा गुंठ्यांची बंदूक

"हात लावू नका हां, लायसनची वस्तू हाय," असं बजावून आमचे घरमालक ती रायफल स्वतःच तुमच्या हातात द्यायचे. नको म्हणायची सोय नव्हती. पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन जावं, तर आधी रायफल, मग पाणी.

नवी मुंबईतल्या उलव्यात सगळे त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. त्यांची शेती सरकारने घेतली, बदल्यात मिळालेल्या भूखंडावर चार मजली इमारत झाली, आणि तिसऱ्या मजल्यावर मी भाडेकरू, महापेला एका कंपनीत खर्डेघाशी करणारा. शेठ काय करायचे? काही नाही. सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालायचा, गॅलरीत खुर्ची टाकायची आणि रायफल मांडीवर घेऊन बसायचं.

रायफल मात्र देखणी होती, खोटं कशाला बोलू. जुन्या लाकडाचा दस्ता हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला, आणि चापाभोवती बोटं घालायची एक लांबट कडी. ती कडी खाली ओढून वर केली, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवी गोळी आत. घाटावरच्या कुठल्याशा शिकारी घराण्यातली होती. तिथल्या नातवाला नको झाली आणि आमच्या शेठना हवी झाली. दिवसभर ते नुसतीच कडी खालीवर करायचे. खटॅक्, खट्. गोळ्या नव्हत्याच. त्या मापाची गोळी आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे त्यांना बंदूक घरी आणल्यावर कळलं. अहो, माणूस साधा मिक्सर घेतानाही विचारतो की याची भांडी पुढे मिळतील ना!

"मग घेतलीत कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"बगाला," शेठ म्हणाले. त्यांना यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

इथपर्यंत हा माणूस नुसता हास्यास्पद होता. चीड पुढच्या गोष्टीची. परवाना मिळायला कारण लागतं, आणि शेठनी कारण दिलं होतं रानडुकरांपासून पिकाच्या संरक्षणाचं. सगळी जमीन जाऊन गावाच्या कडेला त्यांचं दहा गुंठ्यांचं एक खाचर उरलं होतं. नूतनीकरणाला तलाठ्याचा दाखला हवा, दाखल्याला सातबाऱ्यावर भात हवं, आणि भात लावायला कुणीतरी चिखलात वाकायला हवं. ते कुणीतरी म्हणजे काकी. शेठची बायको. बंदुकीला राखायला काहीतरी असावं म्हणून साठीची बाई दर पावसाळ्यात एकटी लावणी करायची. मजूर लावा म्हटलं, तर शेठ म्हणायचे, "घरचं काम हाय, घरच्या मानसानीच करावं." हे खुर्चीत बसून.

काकींचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी चिखलात उतरायचं नाही म्हणून निक्षून सांगितलं होतं. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. एकदा माझ्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी सांगा ना भाऊ त्यांना. माझ्यानी नाय वाकवत आता. डुकरांचा तरास परवडला, बंदुकीचा नको."

मी सांगितलं. शेठ म्हणाले, "यंदा शेवटचं." मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते.

दसऱ्याला तर कहरच. रायफलीची पूजा. तेल, हळद, कुंकू, वर मूठभर अक्षता, सगळं त्या कडीच्या फटीतून आत. दुसऱ्या दिवशी कडी हलेना. शेठचा चेहरा असा पडला की घरात कुणी आजारी आहे की काय असं मला वाटलं. मुंबईच्या कारागिराने खोलून तांदळाचे दाणे काढले. त्या बंदुकीचा भाताशी प्रत्यक्ष संबंध आला तो तेवढाच.

आणि मग ज्या वर्षी नूतनीकरण होतं, त्याच वर्षी खरंच डुकरं आली. विमानतळासाठी डोंगर फोडला तेव्हापासून ती सैरभैर झालेलीच होती. भात कापणीला आलेलं, आणि रायफल कुठे? पोलीस ठाण्यात. निवडणूक लागली की सगळ्या परवानाधारकांना हत्यारं जमा करावी लागतात. सकाळी जाऊन पाहिलं तर सगळं खाचर लोळवलेलं. काकी बांधावर बसल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर मला सुटकाही दिसली. पीक नाही, म्हणजे दाखला नाही, म्हणजे सुटले.

तलाठी पाहणीला आला. "इथं पीक कुठाय?" त्याने विचारलं.

शेठ छाती काढून म्हणाले, "डुकरांनी खाल्लं! म्हनून तर बंदूक पायजे!"

तलाठ्याला ते पटलं. परवान्याचं नूतनीकरण झालं. शेठनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले, आणि आमच्या घरी ते काकींनीच आणून दिले. मला त्या दिवशी या माणसाची अक्षरशः किळस आली. पेढा मी खाल्ला नाही.

न्याय म्हणून एक सांगायलाच हवं. एकदा रायफल पुसता पुसता शेठ आपणहून बोलले. "माझा बापूस सायबांच्या शिकारीला हाके घालून जनावर उठवाला जायचा. जनम गेला त्याचा बंदुकीच्या म्होरं धावन्यात. पन हात लावाची परवानगी नव्हती. 'ए, लांब हो' म्हनायचे." मग मला म्हणाले, "घ्या, धरा." मी धरली. राग थोडा ओसरला, नाही असं नाही. पण गॅलरीतून खाली पाहिलं तर काकी डोक्यावर रोपांचा भारा घेऊन लंगडत निघाल्या होत्या, आणि राग परत जागेवर येऊन बसला.

गेल्या उन्हाळ्यात शेठ त्याच खुर्चीत, बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. दिवसकार्यात काकी रडल्या नाहीत. बायका कुजबुजल्या, पण त्या आल्यागेल्याला चहा विचारत राहिल्या.

परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात द्यावं लागतं. त्यांची मुलगी लांब सासरी, म्हणून काकींबरोबर मी गेलो. हवालदाराने नंबर ताडून पाहिला आणि म्हणाला, "वारसाच्या नावावर करता येते, मावशी. अर्ज करणार का? शेती आहे ना?"

"नाय," काकी म्हणाल्या आणि दाखवतील तिथे सह्या केल्या.

बाहेर पायऱ्यांवर त्या थांबल्या. मला वाटलं, गुडघा. म्हणाल्या, "भाऊ, आता मी शेतात नाय गेले, तर कोन काय विचारनार नाय ना?"

"कुणी नाही, काकी."

"पीकपानी बगाला कोन येनार नाय?"

"नाही."

मग त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून मोठ्याने रडायला लागल्या.